चालत आलेली बटणं

भोपळवाडी संस्थानात कुणाच्याही सदऱ्याला बटण उरलं नव्हतं!

गावातले बाप्ये दोन्ही हातांनी सदरा छातीशी धरून रस्त्याने चालायचे. रामराम घालायला हात वर केला की पोट उघडं पडायचं, म्हणून एकमेकांना नुसत्या भुवया उडवून दाखवायचे. आणि हे सगळं कशापायी? तर राजे हैबतरावांना बटणांची चित्रं करायचा नाद लागला म्हणून! फळीला खळ फासायची, त्यावर बटणं चिकटवायची आणि मोर, हत्ती, नाहीतर स्वतःचंच तोंड काढायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. राजाच्या हौसेचं मोल गावाच्या सदऱ्यांनी दिलं.

बटणांचा ढीग झाला, पण ठेवायचा कशात? राजांनी राणीसाहेबांच्या लोणच्याच्या बरण्या पळवल्या. त्यातल्या एकीत लोणचं तसंच राहिलं होतं. जेवताना राणीसाहेबांनी कैरीची फोड म्हणून जे चावलं, ते निघालं पितळी बटण! आधी दाढ हलली, मग राजवाडा हलला.

"आजपासून माझ्या घरात बटणाला बरणी नाही, डबा नाही, पेटी नाही आणि थैलीसुद्धा नाही!"

राणीसाहेबांपुढे राजांनी मान डोलावली आणि सगळा राग काढला गावातल्या सोनबा शिंप्यावर. वड्याचं तेल वांग्यावर!

"सोनबा, बटणं तुझ्या धंद्यातली. बाजाराच्या दिवसापर्यंत सगळी रंगवार लावून दे. डबा-बरणी वापरायची नाही, एकही बटण हरवायचं नाही. आणि मी सज्जातून रंगाचं नाव घेतलं की त्या रंगाची बटणं चालत माझ्यापुढे आली पाहिजेत!"

"चालत, महाराज?"

"चालत! ढिगात वाकून वाकून माझी कंबर गेली! नाही जमलं तर तुझी कात्री जप्त, दुकान बंद, आणि जन्मभर इथं बसून बटणांची भोकं मोजायची!"

सोनबा बैलगाडीभर बटणं घेऊन घरी आला आणि उंबऱ्यातच मटकन बसला. त्याची लेक ठकू गाडीवर चढली. इतकी बटणं एका जागी बघून तिला आधी हसूच आलं. मग बापाचा चेहरा दिसला आणि ती खाली उतरली. कात्री गेली तर बाबा जगणार कसे? कात्री हातात नसली की त्यांना धड बोलताही यायचं नाही.

तिने मूठभर बटणं ओसरीवर ओतली. दोन-चार घरंगळत गटाराकडे निघाली.

"ठके! कार्टे!" सोनबा दुःख विसरून ओरडला. "कितीदा सांगितलं, शिंप्याच्या घरात बटण सुटं ठेवू नये! हाती आलं की शिवून टाकावं!"

ठकू थबकली. मग तिने बापाचा गालगुच्चाच घेतला.

"बाबा, सुया काढा! आणि सगळ्या गावाला बोलवा!"

गावातल्या झाडून सगळ्या बाया सुई घेऊन आल्या. ठकूने आळीवार रंग वाटले. तांबटआळीला काळा, माळआळीला लाल, कोष्टीआळीला पांढरा. बटणं इतकी होती की एकेकाचा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत बटणांनी भरून गेला. तक्रार केली ती फक्त तालमीतल्या भिकू पहिलवानाने.

"मला गुलाबी? ठकूताई, काय अब्रू राहील माझी!"

"पहिलवान, सध्या तुमचं पोट उघडं आहे. त्याला अब्रू म्हणतात का?"

पहिलवान निमूटपणे गुलाबी झाला.

बाजाराच्या दिवशी राजे सज्जात आले. खाली मैदानात गावच्या गाव उभं. बटणांचा ढीग मात्र कुठेच नाही!

"माझी बटणं?"

"रंगाचं नाव घ्या की, महाराज!" ठकू म्हणाली. सोनबाने डोळे गच्च मिटले होते.

"लाल!"

माळआळी ठुमकत पुढे आली. राजांनी आ वासला.

"काळी!"

तांबटआळी आली. मग राजांना चेवच चढला. पांढरी इकडे बसा, काळी मधे आडवी बसा, गुलाबी पहिलवान नाकाच्या जागी! बघता बघता मैदानात राजांचं भलंमोठं तोंड तयार झालं. इतक्यात मिशीच्या टोकाला बसलेल्या बापू तांबटाने तपकीर ओढली. आक् छीं! सगळी मिशी उडाली आणि नाक दचकून कपाळावर जाऊन बसलं!

राणीसाहेब पदराआड हसल्या. राजांनाही हसू फुटत होतं, पण एकदम काहीतरी आठवून त्यांनी डोळे वटारले.

"थांब पोरी! संध्याकाळी हे सगळे घरी जाणार. माझी बटणं अंगावर घालून!"

"जाणारच की! महाराज, ढिगातलं बटण हरवलं तर तुम्हाला पत्ता लागतो का? आणि सदऱ्याचं तुटलं तर भर बाजारात पोट दिसतं! माणूस जिवापाड जपतो. अख्खं गाव तुमच्या बटणांवर पहारा करणार, तोही फुकट! शिवाय राणीसाहेबांच्या बरण्या मोकळ्या!"

राजे हसले. हसता हसता त्यांचं पोट गदगदलं, आणि तट्‌! त्यांच्याच कोटाचं बटण उडून सज्जाखाली आलं. ठकूने ते वरच्या वर झेललं. राजे दोन्ही हातांनी कोट धरून उभे!

"महाराज, हे कुठे ठेवू? नवा ढीग सुरू करू का?"

"ढीग गेला खड्ड्यात! आधी शिवून दे!"

मग मात्र राजे असे हसले की ठकूला धावत वर जाऊन उरलेली बटणंही दोन दोन टाके घालून पक्की करावी लागली. सोनबाची कात्री सोनबाकडेच राहिली, वर राजांनी त्याला कोरं करकरीत शिलाई मशीन दिलं. राणीसाहेबांनी ठकूला आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली.

ठकूने वाकून नमस्कार केला, बरणी कानाशी नेली आणि आधी हलवून बघितली.