तांबडीचा घसा

गाड्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात तांबडी नावाची स्पोर्ट्स कार राहायची. इतर गाड्यांच्या इंजिनात पिस्टन वर-खाली व्हायचे, हिच्या पोटात मात्र तिकोनी रोटर गरगर फिरायचा. त्याच्या कडा कोरड्या घासू नयेत म्हणून तिला पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही प्यायला लागे.

“तेल पिणारी गाडी म्हणजे आजारी गाडी!” शेजारची जीप नाक मुरडायची.

मालकीण वत्सलाबाईंनी ते मनावर घेतलं. त्या तांबडीला फुलासारखं जपू लागल्या, बैलगाडीच्या चालीनं बाजारात नेऊ लागल्या. अशा संथ चालीत इंजिन नीट तापेचना, हळूहळू पोटात काजळी धरली आणि तांबडी साध्या चढावर धापा टाकू लागली.

“घाला आता भंगारात,” जीप म्हणाली.

तांबडी उसळली. “बाई, मी आजारी नाही, कोंडलेय! तेल पाजा आणि एकदा घाटात मनसोक्त पळू द्या.”

वत्सलाबाईंनी ऑइल ओतलं, पदर खोचला आणि घाटात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. काटा लाल रेघेला भिडला, मागून काजळीचा लोट उडाला आणि घसा मोकळा झालेली तांबडी अशी गरजली की अख्खा घाट दुमदुमला.

पाठोपाठ निघालेली जीप पहिल्याच वळणावर वाफा सोडत थांबली. “हळू गं, आजारी पडशील!” ती ओरडली.

पण ते ऐकायला तांबडी तिथं होती कुठं?