मागे न बघणारा एडका

मेंढरांना अजून धनगर मिळाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. शिंगाळ्या नावाचा एडका एका कळपाचा पुढारी होता. मागे वळून बघणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

एकदा रांगेच्या टोकाहून कुरडी नावाची म्हातारी मेंढी ओरडली, "अरे शिंगाळ्या, थांब! मागे लांडगा लागलाय!"

"माझ्या वाटेवर लांडगा? कळप बिथरवतेस होय?" त्याने तिला तिथल्या तिथे हाकलून दिलं. "यापुढे जो तोंड उघडेल, तो कळपाबाहेर!"

त्या दिवसापासून सगळी मेंढरं खाली मान घालून चालू लागली. मागे कधी झुडूप सळसळे, कधी खुरांची धडपड होई, पण हूं की चूं कुणी करत नसे. रोज पाणवठा जवळ आला की शिंगाळ्या पुढे बघतच विचारी, "कुणाची काही तक्रार?" कुणीच बोलत नसे. सगळे सुखात आहेत, असं समजून तो खूश होई.

एका दुपारी त्याला फक्त स्वतःच्याच खुरांचा आवाज ऐकू आला. पुढे बघतच त्याने विचारलं,

"कुणाची काही तक्रार?"

उत्तर नाही.

"अरे, बोला की! आता बोललात तरी चालेल!"

मागून पावलं वाजली. मऊ होती, खुरांची नव्हती.