स्कॅनर आणि तोंडाळ दिवा

गाड्या आणि अवजारं आपसात भांडायची, त्या काळातली गोष्ट. एका गॅरेजात एक स्कॅनर होता. गाडीला जोडला की तो बिघाड वाचायचा आणि त्याची नोंद लगेच पुसूनही टाकायचा. स्वतःला मोठा डॉक्टर समजायचा.

एकदा एक गाडी आली, एअरबॅगचा लाल दिवा पेटलेली. दुसऱ्या दिवशी ती पोराबाळांना घेऊन घाट उतरणार होती. स्कॅनरने वाचलं, "सीटमधल्या एअरबॅगची जोडणी सैल," आणि बिघाड पुसला. दिवा विझला. गाडी फाटकापर्यंत गेली नाही तोच पुन्हा पेटला.

"अरे भल्या माणसा, तुला आत्ताच गप्प केलं ना?" गाडी परत येताच स्कॅनर दिव्यावर खेकसला.

"केलंस की! पण मी का ओरडतोय, ते बघितलंस का?" दिवा म्हणाला. "घाटात ठोकर बसली आणि एअरबॅग उघडली नाही, तर पोरांना काय सांगशील? बिघाड पुसलाय म्हणून?"

स्कॅनर ओशाळला. "इलाहीभाई, जरा सीटखाली बघा हो."

एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून मेकॅनिक इलाहीभाईंनी बॅटरी सोडवली, थोडा वेळ थांबले आणि सीटखाली वाकले. छत्री, डबा, एकच चप्पल! "संसारच मांडलाय की इथं!" छत्रीच्या दांड्याने एअरबॅगच्या वायरची पिवळी जोडणी अर्धी उपसली होती. त्यांनी ती खट्‌कन बसवली आणि बॅटरी पुन्हा जोडली. मग स्कॅनरने बिघाड पुसला.

गाडी गल्लीत फिरून परत आली.

"काय दिवेराव, आहात का?" स्कॅनरने भीत भीत हाक मारली.

काहीच उत्तर आलं नाही. स्कॅनरला फार बरं वाटलं.