किटलीच्या चित्रातली माणसं

तानीच्या घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. सरपण आणायला रानात गेलेली आई परतलीच नाही! घरात दुसरं कोण? शेवटी तानी एकटीच रानात शिरली. पोटात कावळे ओरडत होते, तरी शिरली हो!

रानाच्या मधोमध जांभळ्या-गुलाबी फुलांचा ताटवा होता. भरदुपारी तिथं एकही पाखरू बोलत नव्हतं. झाडाला एक चित्र टांगलं होतं, साध्यासुध्या चहाच्या किटलीचं. चित्राखाली इवलीशी परी बसली होती. तिचे पंख लखलखत होते, पण पापणी काही लवत नव्हती.

"माझं चित्र बघ," परी गोड आवाजात म्हणाली. "खरं काय दिसलं ते सांगितलंस, तर एक इच्छा पुरी करीन. तोंडदेखलं कौतुक केलंस, तर चित्रात जाशील."

अगंबाई! तानीनं डोळे फाडफाडून पाहिलं. किटलीच्या पोटाला पोचा पडला होता. कडीजवळचा निळा रंग ओला असतानाच तपकिरीत पसरला होता, आणि किती गोड दिसत होता! "आणि ही वाफ," तानी हळूच म्हणाली, "ही रंगवलीच नाहीये. नुसता कागद कोरा सोडलाय. तरी मला ऊब लागतेय."

परीची पापणी पहिल्यांदा लवली. "हे कुणालाच दिसलं नव्हतं गं."

पण तानीला आणखी काहीतरी दिसलं. किटलीच्या चकाकीत चिमुकली माणसं होती. एक पोस्टमन, एक कासारीण, आणि डोक्यावर मोळी घेतलेली आई!

"तुझी आई घाईत होती. न बघताच 'छान आहे हो' म्हणाली," परी म्हणाली. "माग तिला. पण एका माणसामागे तुझा एक रंग मी घेणार."

तानीला रडू फुटलं. एकट्या आईला नेलं, तर ती दोघं कायमची आतच! "तिघांनाही सोड," ती म्हणाली.

पोस्टमन बाहेर आला, तसा तानीच्या परकराचा हिरवा गेला. कासारीण आली, केसांचा काळा गेला. आई आली, आणि अंगाचा रंगही गेला. तानी पांढरीफटक उभी राहिली. तिला बघून पोस्टमन आणि कासारीण किंचाळत पळत सुटले.

आई मात्र थांबली. या वेळी तिनं घाई केली नाही. त्या पांढऱ्या पोरीकडे ती टक लावून बघत राहिली. "डावा कान जरा पुढं आहे. रडताना खालचा ओठ असा मुडपतो," ती पुटपुटली. "अगं, ही तर माझी तानी!"

"असं बघतात," परी म्हणाली आणि हसली. झळाळता उजेड पसरला. त्यात परी विरून गेली, चित्रही गेलं, आणि तानीचे सगळे रंग भरभर परत आले.

घरी पोचेपर्यंत आई दोनदा ठेचकाळली, पण तानीवरची नजर तिनं काही काढली नाही.