मानाच्या पानावरून उठलेले सर्जेराव

डोंगराखालच्या एका गावात, फार वर्षांपूर्वी, सर्जेराव नावाचे एक गृहस्थ राहत होते. खाऊनपिऊन सुखी होते, पण एका गोष्टीसाठी जीव टाकत. लोकांनी आपल्याला मान द्यावा, बस्स! पारावर येताना ते लांबूनच खाकरत आणि बसलेली माणसं उठेपर्यंत खाकरतच राहत. एकदा एक म्हातारा सहज म्हणाला, "ये रे सर्जा, बैस." सर्जेराव फणकारले, "सर्जा आमचा बैल. मी सर्जेराव!" तेव्हापासून त्यांची पाठ वळली की पोरं हंबरायची.

त्या गावात देवीच्या उत्सवाला गावजेवण असे. पंगतीतलं पहिलं पान मानकऱ्याचं. देवीला नैवेद्य दाखवून झाला की त्याच्या भातावर आमटी पडायची. तो पहिला घास घेऊन "वाढा" म्हणायचा आणि मगच बाकीच्यांना आमटी मिळायची. नियम एकच, पण कडक होता. जेवण संपायच्या आत मानकरी पानावरून उठला, तर मान तिथल्या तिथे शेजाऱ्याकडे जायचा आणि उठणाऱ्याला तो पुन्हा जन्मात मिळायचा नाही.

या मानासाठी सर्जेरावांनी सहा वर्षं पंचांचे उंबरठे झिजवले. सातव्या वर्षी पंच कंटाळले. म्हणाले, "बसवा बाबा एकदाचं यांना, म्हणजे आपली तरी सुटका होईल!"

उत्सवाचा दिवस उजाडला. नवाकोरा फेटा बांधून सर्जेराव मानाच्या पानावर बसले. दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि सर्जेरावांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्यांनी आमटीभात कालवला, घास घेतला, आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. आमटी खारट ढोण!

झालं होतं असं, की नैवेद्याआधी स्वयंपाकाची चव बघायची नाही, मीठ घालायचं ते अंदाजाने. तान्हूआत्या चाळीस वर्षं गावजेवण रांधत होती, तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. पण आज ती लाकडं आणायला वळली तेवढ्यात सुनेने आमटीत मीठ घातलं आणि परत आल्यावर आत्यानेही घातलं.

"वाढा" म्हणावं, तर सगळी पंगत थू थू करणार. मोठ्याने हाक मारून सांगावं, तरी तेच. आणि गाव कसलं इरसाल! मागे एका आचाऱ्याचा शिरा एकदाच खाली लागला, तर त्याला मरेपर्यंत 'करपे' म्हणत होतं. सर्जेरावांनी तो खारट घास कसाबसा गिळला. देवळामागे चुलीशी ती म्हातारी पदराने घाम पुसत असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना राहवेना.

"अयाया! पोटात कळ आली!" असं ओरडत ते पोट धरून उठले आणि धावत सुटले. पंगतीत हशा पिकला. "सर्जा सुटला रे!" कुणीतरी ओरडलं.

चुलीशी पोहोचताच सर्जेराव म्हणाले, "आत्या, आमटीत मीठ जास्त झालंय. दुसऱ्या पंगतीची डाळ शिजलीय ना? बिनमिठाची?"

आत्याचा चेहरा उतरला. "आहे रे बाबा, पण पातेलं मला उचलत नाही."

"मी कशाला आलोय मग?" सर्जेरावांनी फेटा खुंटीला टांगला, धोतर खोचलं आणि ते पातेलं आमटीत रिकामं केलं. आत्याने गूळ, चिंच, पाणी घातलं. एक उकळी आली न आली तोच आमटी बाहेर गेली. मान आता शेजारच्या पानावरच्या सुतारबुवांकडे गेला होता. त्यांनी घास घेतला, मिटक्या मारल्या आणि म्हणाले, "वाढा!"

सर्जेराव वाढायला निघाले तसं कुणीतरी विचारलं, "काय सर्जेराव, मोकळे झालात?" पुन्हा हशा.

तान्हूआत्याला ते सहन झालं नाही. ती पळी घेऊन तशीच बाहेर आली. "दात काढू नका रे! पोट त्याचं दुखत नव्हतं. आमटी मी खारट केली होती. माझी लाज जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचं हसं करून घेतलं!"

हसणाऱ्यांनी माना पानात घातल्या. सर्जेराव मात्र ओशाळून म्हणाले, "आत्या, झालं ते झालं. सरक, भात वाढू दे."

मान गेला तो गेलाच, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या पंगतीला मानकरी नसतो, ज्याने त्याने बसावं आणि जेवावं. सर्जेराव अगदी शेवटी, वाढप्यांच्या रांगेत बसले. पानं वाढून झाली, तरी कुणाचाच हात हलेना.

"जेवा की रे! कुणाची वाट बघताय?" सर्जेरावांनी विचारलं.

"तुमची," अख्खी पंगत म्हणाली.

तात्पर्य: मान मागून पान मिळतं, मान मिळतो तो दुसऱ्याची लाज राखणाऱ्याला.