मानखारची खांड

"मग माझं चुकलं कुठं, बुवा? तेवढं एकदा सांगा. मी त्यासाठीच आलोय."

जोमाबुवा खांद्यावर फावडं टाकून खाडीकडं बघत राहिले, श्रीकरकडं नाही.

सकाळची वेळ. खाडी ओसरली होती. फुटलेल्या बांधाच्या तोंडातून उरलंसुरलं पाणी चिखलावरून सरपटत बाहेर चाललं होतं. बांध असा फुटला की मानखारचे लोक त्याला खांड पडली म्हणतात. चार वर्षांपूर्वी ही खांड दहा हात रुंद होती. आता पलीकडच्या टोकावर माणूस उभा राहिला, तर तो कोण हे ओळखू येत नव्हतं.

श्रीकर मूळचा पुण्याचा. कुठल्या देशातल्या माणसानं आपली जमीन कशी घडवली, कशी राखली, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. त्यानं डोंगर कोरून केलेली भातखाचरं पाहिली होती, वाळवंटाखालून नेलेले पाण्याचे पाट पाहिले होते, हॉलंडचे समुद्राला थोपवणारे बांध पाहिले होते. मग तो मानखारला आला आणि दोन पावसाळे जोमाबुवांच्या पडवीत राहिला.

बुवा बांधाचे जाणते. त्यांच्या कुणा पूर्वजांनी खाडीला मागं रेटून चारशे एकर भातजमीन मिळवली होती, ती या मातीच्या बांधाच्या आड. गावात बासष्ट घरं आणि बांधाचे बासष्ट वाटे. दर पुनवेला, दर अवसेला उधाण येऊन गेलं की ज्यानं त्यानं आपल्या वाट्यावरून अनवाणी चालायचं. चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, पोखरलेली बिळं हुडकायची. त्यांत चिखल आणि पेंढा कोंबायचा. कुणी चुकला, तर सारं गाव त्याच्या दारात.

बुवांनी श्रीकरला हातचं न राखता शिकवलं. तो त्यांना गुरू म्हणायचा. आपलं पुस्तकही त्यानं त्यांनाच अर्पण केलं.

त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं की, या माणसांच्या नशिबी पिढ्यान् पिढ्या आलेला चिखल आता सुटला पाहिजे, बांध दगडाचा झाला पाहिजे. ते वरच्या लोकांना पटलं. बांधाला दगड आणि सिमेंट लागलं. नारळ फोडताना श्रीकर म्हणाला होता, "आता शंभर वर्षं इकडं कुणी फिरकलं नाही तरी चालेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी, नारळी पुनवेच्या दिवशी, भर दुपारी पाणी दगडाच्या खालून आत शिरलं. बुवांचा धाकटा भाऊ कान्हा पेंढ्याचे भारे घेऊन पुढं धावला. तो तिसऱ्या दिवशी खाडीतल्या खारफुटीच्या, तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला.

जमिनीत मीठ गेलं. पेरलेलं उगवेना. माणसं गाव सोडून जाऊ लागली. रिकाम्या शेतांत तिवरं उगवली, उंच झाली. मग एक दिवस साहेब आले आणि पाटी ठोकून गेले. हे आता राखीव जंगल आहे, फांदीलाही हात लावायचा नाही.

श्रीकर तेव्हा परदेशात होता. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी या जंगलातल्या पाखरांचे फोटो काढून मोठ्या कौतुकानं छापले होते. फोटोखाली मानखारचं नाव वाचून त्याला सगळं कळलं...

"बुवा, काहीतरी बोला."

"पायतान काढ," बुवा म्हणाले.

"काय?"

"पायातलं काढ नि माझ्या मागनं ये."

खांडीच्या अलीकडं बांधाचा एक तुकडा अजून मातीचाच होता. दगड तिथवर पोचले नव्हते. बुवा त्यावरून सावकाश चालू लागले. सत्तरी उलटलेली, पण पाऊल टाकताना टाच आधी हळूच टेकायची, मग भार. वीसेक पावलांवर ते थांबले.

"हितं."

श्रीकर त्यांच्या जागी उभा राहिला. त्याला काहीच कळलं नाही.

बुवांनी खांद्यावरचं फावडं खाली घेतलं आणि दोन घाव घातले. माती ढासळली. आत मनगट जाईल एवढं बीळ, आरपार. दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत होता.

"तुम्हाला पायाला कळलं?"

"कलतं. पोकल लागतं."

"आणि दगडावरून?"

बुवांनी मान हलवली. "दगडाखाली काय चाल्लंय, ते कुनाला कलनार?"

श्रीकर मटकन खाली बसला. "म्हणजे मीच. माझ्या दगडांनीच..."

"ऊठ."

"कान्हाकाका माझ्यामुळं गेले, बुवा. तुम्ही मला शिव्या द्या. कळल्यापासून मी वाट पाहतोय कुणीतरी मला शिव्या देईल म्हणून."

"ऊठ म्हनतो ना."

तो उठला.

बुवा खाडीकडं तोंड करून बोलू लागले. आवाज चढला नाही, पडलाही नाही. "दगड तू आनलास. झोप आमची. तीन वर्सं एक मानूस बांधावर आला नाय. मी बी नाय. पुनवेला उधान यायचं, कान्हा म्हनायचा, दादा, जाऊन बघू काय? मी म्हनायचो, पड रं गप, आता दगड हाय." ते थांबले. "लय बरं वाटायचं रं... उधानाच्या दिवशी निजायला."

श्रीकरला वाटलं, आता म्हातारा रडेल. पण तो रडला नाही. रडला असता, तर श्रीकरला सोसलं असतं.

त्यानं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली.

"मी नवा आराखडा आणलाय. दगड नाही, मातीच. तुमच्या पद्धतीनं, जशीच्या तशी. पैशाची सोय होईल, जंगलाच्या परवानगीचंही बघतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

बुवांनी गुंडाळीला हात लावला नाही.

"घरं किती हायती आता?"

श्रीकर गुंडाळी उलगडू लागला.

"सांग की. काल येताना बघितलीस ना?"

"दोन."

"नि वाटे?"

श्रीकरनं कागद परत गुंडाळले. बोटं चिखलानं भरलेली होती, ती कागदाला लागली.

बुवा बांधाच्या कडेला उकिडवे बसले. पडवीत बसून देशोदेशीच्या गोष्टी विचारायचे, त्याच कुतूहलानं त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या हॉलंडात, एखाद्याला आपला वाटा झेपंना झाला तर काय करायचे?"

श्रीकरला सांगावंसं वाटेना. पण गुरूनं विचारलं होतं.

"जुन्या काळी एक रीत होती. ज्याला बांध राखणं जमेना, त्यानं आपलं फावडं आपल्या वाट्यावर रोवायचं आणि निघून जायचं. घर, जमीन, सगळं तिथंच टाकून."

"परत?"

"परत यायचं नाही."

"नि त्या फावड्याचं?"

"जो ते उपटेल, जमीन त्याची. आणि बांधही त्याच्याच गळ्यात. मग तो मरेपर्यंत सुटका नाही."

बुवांनी बाजूला पडलेल्या फावड्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "शानी मानसं."

तिवरांतून बगळ्यांचा एक थवा उठला आणि खाचरांच्या जागी जाऊन बसला.

बुवा उठले. फावडं उचललं आणि बिळाच्या शेजारी दोन्ही हातांनी मातीत खोल दाबलं. टाच ठेवून आणखी दाबलं. दांडा सरळ उभा राहिला. मग त्यांनी हात धोतराला पुसले आणि ते गावाच्या दिशेनं चालू लागले.

"बुवा... हे काय?"

ते थांबले नाहीत.

"बुवा, हा तुमचा वाटा आहे! तुमच्या बापजाद्यांचा!"

श्रीकर धावत फावड्याजवळ आला. दोन्ही मुठींनी दांडा धरला. म्हाताऱ्याच्या हाताची ऊब अजून लाकडाला होती. एक हिसका दिला असता, तर ते निघालं असतं.

त्याला पुण्याचं घर आठवलं. पुढच्या महिन्यात परदेशी द्यायचं भाषण आठवलं. दर पुनवेला, दर अवसेला इथं अनवाणी चालणारा, केस पिकलेला एकटा माणूस त्याला दिसला. तो माणूस कोण, हे त्यानं ओळखलं.

हात दांड्यावरच राहिले. उपटायचं बळ येईना, सोडवतही नव्हतं.

खांडीच्या तोंडाशी चिखलावर पाण्याची एक पातळ जीभ आत आली. मागोमाग दुसरी. ती बिळातून बांधाच्या या बाजूला झिरपू लागली आणि त्याच्या तळपायाखालची माती मऊ झाली.

बुवा बरेच लांब गेले होते. तिथून, मागं न बघता, त्यांनी हाक दिली,

"नुसता धरून उभा ऱ्हाऊ नको, पोरा. भरती लागली."