गुडघे नसलेला घोडा

चित्रे भिंतीवरून खाली उतरत, त्या काळची गोष्ट. जत्रेच्या दिवशी देवळाच्या गुरवाने कोळशाला आणि कुंचल्याला बजावले, "देवाला बसायला घोडा काढा. नाही जमला, तर दोघेही चुलीत."

कोळशाने मापे घेऊन, रेघा जुळवून ताठ, चौकोनी घोडा काढला. देव म्हणाला, "ही खाट कुणाची रे?"

कुंचल्याने तो पुसला आणि एका फटकाऱ्यात उधळता घोडा काढला. देव बसताच घोड्याने फतकल मारली. "माफ करा, देवा. मला गुडघेच दिले नाहीत!"

गुरवाने चूल पेटवली. कुंचला हळूच म्हणाला, "कोळसेदादा, हाडे तू मांड. उधळायचे मी बघतो."

नवा घोडा देवाला घेऊन असा सुटला की गाव बघतच राहिले. लांबून देवाची हाक आली, "अरे, लगाम कुणी काढायचा होता?"